हार कुणाचा?

गडब
१२ डिसेंबर २०२४

रितेश,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे बाजूला ठेवशील, ते मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि समीक्षा माझी सून असली तरी तिला मध्ये घालून बोलणं मला बरं वाटत नाही. भरूचचा पत्ता तिनंच दिला. त्यावरून तिला बोलू नकोस. मी मागितला, तिनं दिला.

घरी ठीक आहे. भात झोडून झालं, वाल पेरलेत. अंगणवाडी चालू आहे. बाबा गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी निघून गेलास त्याबद्दल गावात कुणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. अग्नी दिलास तेवढं पुष्कळ झालं.

लिहायचं कारण वेगळं आहे. रोह्यात नाटक करणारी काही मुलं आहेत, त्यांनी बाबांच्या आठवणीत एक कार्यक्रम ठरवलाय. फेब्रुवारीत, रोह्यातच. बाबांची जुनी सोंगं शिवाकाका करणार. तीस वर्षं त्यांच्याबरोबर ढोलकी वाजवली, त्याला सगळं तोंडपाठ आहे. पण स्टेजवर बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी त्याला म्हटलं, तू बोलूच नकोस, नुसता उभा राहा, लोक हसतील. तर म्हणतो, "वहिनी, दामू उभा राहिला तर लोक हसायचे. मी उभा राहिलो तर बाजूला हो म्हणतील."

रोह्याच्या लग्नातला "रुसलेला मामा" तुला आठवतो का? तू दुसरीत होतास. बाबांना करमणुकीला बोलावलं होतं. हे कोट-टोपी घालून वेळेआधीच गेले आणि मांडवाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. मुलाकडच्यांना वाटलं मुलीचा मामा रुसला, मुलीकडच्यांना वाटलं मुलाचा. आधी सरबत आलं, मग जिलेबी, मग टॉवेल-टोपी, शेवटी नवऱ्याचा बाप हात जोडून उभा राहिला. बाबा आपले मान हलवून एवढंच म्हणायचे, "मान राहिला नाय." मुहूर्त टळायला आला. तेव्हा नवरीची आजी काठी टेकत आली आणि म्हणाली, "पण हा माणूस हाय कुणाचा?" दोन्हीकडचे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. बाबा उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "करमणूक संपली. आता पान वाढा."

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, अहो, मारलं असतं म्हणजे? तर म्हणाले, "मारलं असतं तरी जेवू घालूनच पाठवलं असतं. लग्नघर हाय."

आता विचारते. मुलांना हाराचं सोंगही करायचं आहे. तुला ते नावसुद्धा नको असतं हे मला माहीत आहे. त्यानंतर आठवड्याभरात कंपनीतला तुझा गेटपास बंद झाला, आणि तू ओट्यावर उभा राहून बाबांना म्हणालास, "माझा मित्र मेला आणि तुम्ही त्याच्यावर हशे घेतलेत." ते वाक्य बाबा विसरले नव्हते. म्हणून मी मुलांना सांगितलंय, रितेशला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही.

एका ओळीत कळव. हो किंवा नाही.

आई


गडब
२ जानेवारी २०२५

रितेश,

तुझं उत्तर नाही. समीक्षा म्हणाली, पाकीट उघडलेलं दिसलं. एवढ्यावर मी पुढं लिहिते.

काल हैबतराव आले होते. तेच, कंपनीला माणसं पुरवणारे. मोठी गाडी आपल्या गल्लीत वळत नाही म्हणून चालत आले, हातात संत्र्यांची पिशवी. तुझा अक्षय कंपनीत कामावर असताना मेला तेव्हाही ते त्याच्या आईच्या, ठमाबाईच्या दारात अशीच फळांची पिशवी घेऊन गेले होते.

मी खुर्ची दिली. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. बोलायच्या आधी ते हे करतात, तू बघितलं असशील.

"वहिनी, कार्यक्रम करताय ऐकलं. फार चांगलं. दामूसारखा माणूस पेण-रोह्यात परत होणार नाय. म्हशीच्या सत्काराला मी होतो, पोट धरून हसलो."

आणि खरंच हसले. ते सोंग होतंच तसं. आदल्या दिवशी एका पुढाऱ्याचा सत्कार झाला होता, गावाला पाणी आणलं म्हणून, आणि बायका तेव्हा विहिरीवर रांगेत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी त्याच मंडपात शिवाकाकाची म्हैस आणली, तिला शाल घातली, नारळ दिला आणि तेच मानपत्र वाचलं. पाण्याच्या जागी फक्त दूध घातलं. त्यातलं एकूण एक वाक्य म्हशीला लागू होत होतं, आणि खरं होतं. शेवटी म्हशीनं मानपत्र खाल्लं. बाबा माइकवर म्हणाले, "पाहुण्यांनी भाषण गिळलं, आपण आभारी आहोत." त्यापायी पुढाऱ्याच्या माणसांनी पेणच्या एसटी स्टँडवर त्यांना बडवलं. सुजलेला ओठ घेऊन घरी आले आणि आरशात बघून म्हणाले, "ह्या ओठानं शिट्टी नवीनच वाजंल."

हैबतरावांचं हसू संपलं तसा त्यांनी चष्मा परत पुसला.

"म्हैस करा, मामा करा. ते हाराचं तेवढं नको. मेलेल्या पोराच्या आईला सोंगात ओढलं होतं दामूनं. ते कुणालाच आवडलं नव्हतं. तुमच्या रितेशलासुद्धा."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"रितेश भरूचला हाय ना? तिथं माणसं पुरवणारे आमचेच पाहुणे. परवाच बोलणं झालं. पोरगा कामाला चांगला हाय म्हणाले."

एवढं बोलून ते उठले. आवाज चढला नाही, बोट नाचवलं नाही. जाताना तुळशीला हात जोडून गेले.

संत्री तशीच पडली आहेत. टाकवत नाहीत आणि खाववत नाहीत.

रितेश, ते खरं बोलत होते का? तिकडचा ठेकेदार त्यांचा पाहुणा आहे का? हे तरी कळव. बाकी काही लिहू नकोस.

आई


गडब
१९ जानेवारी

रितेश,

रोह्याचा हॉल गेला. आधी पक्का होता. आता म्हणतात, दुरुस्ती निघाली आहे. मुलं बघायला गेली तर तिथं कुणाच्या तरी साखरपुड्याच्या खुर्च्या लागत होत्या.

मला राग आला, म्हणून आज तुला एक गोष्ट सांगणार आहे. तू त्या दिवशी मंडपातून मधेच निघून गेलास. शेवट तू बघितला नाहीस. लोकांनी सांगितला तोच तुझ्या डोक्यात आहे.

सुरुवात तू बघितलीस. तीन खुर्च्या, आणि स्टुलावर एक रिकामी फ्रेम, तिला झेंडूचा हार. बाबा पहिल्या खुर्चीवर साहेब होऊन बसले. "आपल्या परिवारातला एक सदस्य आपल्याला सोडून गेला," असं गळा दाटून म्हणाले आणि शिवाला विचारलं, "नाव काय मयताचं?" शिवा म्हणाला, "अक्षय." साहेबांनी वही बघितली. "आमच्याकडं असा कुणी नव्हता. ठेकेदाराचा असेल." हार काढून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. मग टोपी बदलून स्वतःच ठेकेदार झाले. ठेकेदार म्हणाला, माझा नाही, पोटठेकेदाराचा. पोटठेकेदारानं परत साहेबांकडं पाठवला. हार फिरतोय आणि बाबा टोप्या बदलत या खुर्चीवरून त्या खुर्चीवर धावतायत. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. ते मी नाकारत नाही.

मग ते हार घेऊन खाली लोकांत उतरले. "तुमचा का? तुमचा का?" जो तो अंग चोरून मागं सरकायचा आणि हसायचा. त्याच सुमारास तू गेलास.

पुढं असं झालं की बाबा ठमाबाईसमोर आले. ती तिसऱ्या रांगेत बायकांत बसली होती. बाबांनी हार पुढं केला, विचारलं काहीच नाही. ती उठली. तिनं दोन्ही हातांनी हार घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "माझा." तेवढंच. बाबा तिच्या पाया पडले आणि स्टेजवर न जाता तसेच बाहेर निघून गेले. टाळी नाही, काही नाही. लोक बराच वेळ बसून राहिले. मग एक म्हातारा उठून ठमाबाईकडं गेला, त्याच्यामागं दुसरा, मग रांग लागली. तिच्या पोराला जाऊन दोन महिने झाले होते, आणि गावानं तिला भेटायला रांग लावली ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी बोलणं फिरलं. कुणी फिरवलं ते तू समज. दामूनं एका आदिवासी बाईला फसवून तमाशात उभं केलं, असं झालं. तूही तेच म्हणालास.

ह्याच्यामागं अजून एक गोष्ट आहे. ती माझी नाही, म्हणून मला सांगता येत नाही. बाबांनी शब्द दिला होता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, आता तरी पोराला फोन करून सांगू द्या. त्यांनी मान हलवली. नाही.

तू विचारलंस तरी मी सांगणार नाही. पण असं काही आहे, एवढं तुला माहीत असू दे.

आई


गडब
३ फेब्रुवारी

रितेश,

शिवाच्या रिक्षाची काच फोडली. नागोठण्याच्या स्टँडवर उभी होती, भर दुपारी. तो चहा प्यायला गेला, परत आला तर सीटवर काचा आणि मधोमध एक झेंडूचं फूल ठेवलेलं. बघणाऱ्यांपैकी कुणी काही बघितलं नाही.

संध्याकाळी तो आपल्याकडं आला आणि ओट्यावर बसून राहिला. "वहिनी, मामा करीन, म्हैस करीन. हाराचं मला नाय जमणार. माझी रिक्षा म्हणजे माझं घर हाय." मी म्हटलं, तुला कुणी दोष देणार नाही. तो रडला. बाबा असते तर त्याला रडताना बघून त्यांनी ढोलकी घेतली असती आणि त्याच्या हुंदक्याला ठेका धरला असता. मला ते जमत नाही. मी चहा केला.

समीक्षाचा फोन आला होता. तू तिला म्हणालास म्हणे, "त्यांना काय करायचं ते करू दे. मला नका विचारू." बरं. ह्याला मी उत्तर समजते. आणि ती चोरून म्हणाली की ठेकेदारानं तुला बोलावून आईचं नाव-गाव विचारलं. हे तू मला सांगायला हवं होतंस, रितेश. त्या दिवसापासून फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते.

म्हणून ठरवलंय. हाराचं सोंग होणार नाही. मुलांना सांगितलं, ती नाराज झाली, पण ऐकलं. हैबतरावांना जे हवं होतं ते मिळालं.

कार्यक्रम मात्र होणार. पेणला. प्रणिताताईंनी आपला गणपतीचा कारखाना दिला. बाबा दिवसा जिथं साचे भरायचे तोच. मी काल जाऊन बघून आले. पांढऱ्या मूर्ती भिंतीपर्यंत रांगेनं बसल्यात, अजून रंग नाही, डोळे नाहीत. प्रणिताताई सांगत होत्या, साच्यातून मूर्ती काढताना बाबा तिला म्हणायचे, "या, बसा. गर्दी हाय, जरा सरकून घ्या." नवीन कारागिरांना वाटायचं माणूस वेडा आहे. पुढं तेही म्हणायला लागले. आता कारखान्यात सगळेच तसं म्हणतात, आणि का म्हणतात ते नव्या पोरांना माहीतही नाही.

प्रणिताताईंना खड्ड्याचं बारसं परत हवंय. आपल्या फाट्यावरच्या खड्ड्याला बाबांनी पाळणा बांधला होता, आठवतं? "दहा वर्षांचं लेकरू झालं, अजून नाव नाय," म्हणून. मी आणि गल्लीतल्या बायका नऊवारी नेसून पाळणा म्हणत होतो, घुगऱ्या वाटत होतो, दोन्ही बाजूंनी गाड्या थांबलेल्या. एका ट्रकवाल्यानं बाळाला टॉवेल दिला. मला तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, तेवढी मजा मी माझ्या लग्नातसुद्धा केली नव्हती.

रविवारी, सोळा तारखेला, दुपारी. तुला ये म्हणत नाही. कळवलं.

आई


गडब
१७ फेब्रुवारी

रितेश,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी लिहिते. मोबाईलवर फिरतंय म्हणे. तरी माझ्याकडून ऐक.

माणसं आमच्या अंदाजापेक्षा पुष्कळ आली. मूर्ती मागं सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. रोह्याच्या वाडीवरून ठमाबाई आली, बरोबर पारी. पारी म्हणजे अक्षयची बहीण, तेव्हापासून ती त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. ठमाबाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. मला वाटलं शेंगा आणल्या असतील.

सुरू होणार एवढ्यात हैबतराव आले. बरोबर चार माणसं. हैबतराव पुढच्या खुर्चीवर बसले, ती चार माणसं दारात उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाहीत. प्रणिताताई माझ्या कानात म्हणाल्या, "घाबरू नका, तुम्ही ते सोंग घेतलंच नाहीये ना?" मी म्हटलं, नाही.

शिवानं मामा केला. पाय लटपटत होते, आणि त्यामुळंच लोक हसायला लागले. त्याला वाटलं आपल्यालाच हसतायत म्हणून तो खरोखरच रुसला आणि तोंड फिरवून बसला. मग तर विचारू नकोस. बारसं झालं, पाळणा मी म्हटला. हैबतराव हसत होते, डोळे पुसत होते. ह्या माणसाचं हसू खोटं नाही, रितेश. मला तेच समजत नाही.

शेवटी एका मुलानं आभार मानायला माइक घेतला, आणि ठमाबाई सतरंजीवरून उठली.

कुणाला काही न विचारता ती पुढं गेली. कोपऱ्यातल्या तीन खुर्च्या ओढून ओळीनं मांडल्या. पिशवीतून झेंडूचा हार काढला. दारातला एक जण आत सरकला. मी उठायला लागले तशी पारीनं माझा हात धरला. "मावशी, करू दे तिला."

ती पहिल्या खुर्चीवर बसली. पाठ ताठ, मान वर, अगदी साहेब. हार मांडीवर. "आपल्या परिवारातला येक सदस्य गेला," ती म्हणाली. "आमाला लय दुःख झालं. नाव काय मयताचं?"

आणि तिनं शिवाकडं बघितलं.

शिवाचा हात ढोलकीवर होता. त्याचे डोळे दाराकडं.

"आरं ढोलकीवाल्या, मयताचं नाव काय?"

"अक्षय," शिवा म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आमच्या वहीत नाय. ठेकेदाराचा असल."

ती उठली, दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि पदराच्या टोकानं डोळ्यांवर नसलेला चष्मा काढून पुसला. रितेश, पहिल्यांदा मागून कुणीतरी फसकन हसलं, मग सगळा कारखाना. ती थांबली, हशा ओसरू दिला, आणि मग परत चष्मा पुसला. बाबा अगदी असंच थांबायचे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या खुर्चीवर बसून म्हणाली, "माझा कुठला? मी नुसता माणसं पोचवतो. परत न्यायचं काम माझ्याकडं नाय."

ह्याला कुणी हसलं नाही. हे वाक्य बाबांच्या सोंगात नव्हतं.

मग ती हार घेऊन खाली उतरली. बाबा सगळ्यांना विचारत गेले होते. ती कुणालाच विचारत नव्हती. सरळ हैबतरावांसमोर उभी राहिली आणि हार पुढं केला.

"शेठ, तुमचा का?"

दारातली माणसं पुढं आली. हैबतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ठमाबाई, हे बरं नाय. तेव्हा दामूनं तुला पुढं केलं, आता ह्या लोकांनी केलंय."

"दामूनं नाय," ती म्हणाली. माइक नव्हता, तरी भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "मी गेले होते दामूच्या दारात. म्हटलं, पोरासाठी रडायला वाडीवरची समदी आली, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला कोण आलं नाय. तू घे. तो म्हणाला, गो, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे. हसतात तवाच ऐकतात."

हैबतरावांनी चष्म्याला हात घातला आणि न काढताच खाली घेतला.

"पारीची नोकरी जाईल म्हणून त्यानं तोंड उघडलं नाय. लोकांनी शेण घातलं, त्याचा पोरगा घर सोडून गेला, तरी नाय उघडलं. मेला तो. आता मी किती दिवस गप बसू?" मग तिनं मागं वळून पारीकडं बघितलं, आणि पारी उभी राहिली.

ठमाबाईनं हार पुन्हा पुढं केला. हैबतरावांनी घेतला. घ्यायचा म्हणून नाही, समोरच्या बाईनं काही दिलं तर हात आपोआप पुढं होतो, तसा. घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं. खाली ठेवता येईना, परत देता येईना. तसेच मांडीवर घेऊन बसले. कुणी हसत नव्हतं, कुणी उठत नव्हतं. मग ते उभे राहिले, हार खुर्चीवर नीट ठेवला, चपला शोधल्या आणि माणसं घेऊन निघून गेले.

मी जाऊन ठमाबाईला धरलं. मला म्हणते, "चुकलं का गो कुठं? मधलं येक वाक्य विसरले मी."

तर ही ती गोष्ट. माझी नव्हती, आता सगळ्यांची झाली.

पुढं काय होईल ठाऊक नाही. तुला कामावर काही बोलले तर लगेच समीक्षाला सांग. निरोप तिच्याकडं ठेव, मी विचारून घेईन.

आई


गडब
९ मार्च

बाळा,

परवा फोनवर मला नीट बोलता आलं नाही. शिवा समोर बसला होता, आणि इतक्या वर्षांनी तू आपणहून फोन केलास, मला बाकी काही सुचतच नव्हतं.

आधी बातम्या. पारीला दुसऱ्या दिवशीच गेटवरून परत पाठवलं. ती म्हणते, बरं झालं. पण बरं झालेलं नाही, तिच्या तोंडावर दिसतं. प्रणिताताईंनी कारखान्यात ये म्हटलंय, ती विचार करते आहे. तुझ्या कामाला धक्का लागला नाही हे तू सांगितलंस तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. हैबतरावांनी नुसती भीती घातली होती की त्यांचं मन फिरलं, देव जाणे. अक्षय कंपनीचाच कामगार होता हे दाखवणाऱ्या कागदांसाठी ठमाबाई आता कोर्टात जायचं म्हणते. रोह्यातल्या मुलांनी एक वकील बघितलाय. सोपं नाही. ती मला म्हणाली, "सोपं असतं तर दामू कशाला लागला असता?"

आता तुझं. तू म्हणालास, "आई, बाबा लोकांत उतरले तेव्हा हार घेऊन पहिल्यांदा माझ्यासमोर आले. आणि मी मागं सरकलो. हसत हसत. अक्षय माझा मित्र होता आणि मी हसत मागं सरकलो." मग म्हणालास की म्हणूनच मंडपातून गेलास, आणि घरी येऊन बाबांना ते वाक्य बोललास.

बाबांनी मला ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांना दिसलं नसेल असं नाही. माणसांची तोंडं बघूनच ते आयुष्यभर जगले. तुझंही तोंड बघितलं असेल आणि समजले असतील. तू ओट्यावर ओरडत होतास तेव्हा ते एकदाही उलट बोलले नाहीत. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, की हा माणूस एरवी कुणालाही सोडत नाही आणि आज पोरासमोर मुका का झाला. आता कळतंय.

तुला न विचारता मी हे ठमाबाईला सांगितलं. रागावू नकोस. आम्ही दोघी तिच्या अंगणात वाल निवडत बसलो होतो. तिनं ऐकलं, सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्याला सांग, समदीच मागं सरकली. तो खेळच तसा होता."

आणि थोड्या वेळानं, "रितेश येईल तवा आमच्याकडं जेवंल का गो? सुकटीचं कालवण करीन. अक्षय आणि तो, दोघं माझ्या चुलीपुढं बसून खायचे."

मी तुझ्या वतीनं हो म्हणून आले आहे.

आई